पाणी गोड, दात पिवळे : हाडे, दात आणि क्षारांचा तोल



धर्मापुरी आणि आसपासच्या वस्त्यांवर आपले काम चालते. तेथील मुलांसाठी दर वर्षी आपले वाचक मोठ्या मनाने वस्तू पाठवतात. त्यात दोन वस्तू नेहमी असतात : टूथपेस्टचे खोके आणि कॅल्शियमच्या गोळ्या. देणाऱ्यांचे प्रेम त्यात आहे. पण पारधी वस्तीवर किंवा ऊसतोड कामगारांच्या टोळीत मुलांचे दात आणि थोरांचे गुडघे पाहताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. हा त्रास पेस्टने आणि गोळीने जाणारा आहे का? त्याचे उत्तर देण्यासाठी हाडे आणि दात कशाचे बनतात, त्यांना कोणते क्षार लागतात आणि कोणता क्षार जास्त झाला तर घात होतो, हे समजून घ्यावे लागते. मी डॉक्टर नाही. समाजसेवक म्हणून जे शिकलो, तज्ज्ञांकडून जे ऐकले आणि जे पडताळून पाहिले, ते सोप्या भाषेत मांडतो.

हाड म्हणजे क्षारांची बँक

आपल्याला हाड दगडासारखे निर्जीव वाटते. प्रत्यक्षात ते जिवंत असते. प्रथिनांच्या दोऱ्यांची एक जाळी असते आणि त्या जाळीत कॅल्शियम व फॉस्फरस यांचे बारीक स्फटिक घट्ट बसलेले असतात. जाळीमुळे हाडाला लवचिकपणा येतो, स्फटिकांमुळे कठीणपणा येतो. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते. त्यातले 99 टक्के हाडांत आणि दातांत असते. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत असतो. पण हाच एक टक्का हृदयाचे ठोके, स्नायूंचे आखडणे-सैल होणे आणि रक्त गोठणे सांभाळतो.

म्हणून शरीर रक्तातले कॅल्शियम कमी होऊ देत नाही. जेवणातून पुरेसे आले नाही, तर गळ्यातल्या लहान ग्रंथी इशारा देतात आणि हाडातून कॅल्शियम काढून रक्तात सोडले जाते. बँकेत पैसे भरले नाहीत तरी घरखर्च चालू राहतो, आणि ठेव हळूहळू संपते. रक्ताचा रिपोर्ट चांगला येतो, पण हाडे आतून पोकळ होत असतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाबतीत हे फार घडते. बाळाला लागणारे कॅल्शियम आईच्या ताटातून आले नाही तर ते आईच्या हाडातून जाते.

या बँकेत भरणा करायला एकटे कॅल्शियम पुरत नाही. ते आतड्यातून रक्तात येण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते, आणि ते अंगावर ऊन पडल्यावर कातडीत तयार होते. मॅग्नेशियमचा निम्म्याहून अधिक साठाही हाडातच असतो. जाळी विणण्यासाठी प्रथिने आणि क जीवनसत्त्व लागते. म्हणजे हा एका क्षाराचा प्रश्न नाही, हा तोलाचा प्रश्न आहे.

दाताची गोष्ट थोडी वेगळी आहे. दातावरचे पांढरे कवच, ज्याला दंतवल्क म्हणतात, ते शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. त्यात सुमारे 96 टक्के खनिजे असतात. हे कवच दात हिरडीच्या आत असतानाच तयार होते. दात बाहेर आला की ते बनवणाऱ्या पेशी संपतात. म्हणून मोडलेले हाड सांधते, पण बिघडलेले दंतवल्क शरीर पुन्हा घडवू शकत नाही. "बाळंतपणात दात गेले" असे आपल्याकडे बाया म्हणतात. बाळ आईच्या दातातून कॅल्शियम घेत नाही, ते हाडातून घेते. त्या काळात हिरड्या सुजतात, उलट्यांतले आम्ल दातांना लागते आणि दात घासायला वेळ मिळत नाही, त्यामुळे दात किडतात.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. कायमच्या दातांचे कवच साधारण जन्मापासून आठव्या वर्षापर्यंत घडत असते. अक्कलदाढा तेवढ्या उशिरा. त्या आठ वर्षांत मूल काय प्यायले आणि काय खाल्ले, त्याची नोंद दातावर कायमची राहते.

फ्लोराइड : थोडे मित्र, जास्त झाले तर वैरी

आता मुख्य विषयाकडे येतो. फ्लोराइड हा क्षार खडकात असतो, तेथून पाण्यात येतो आणि पाण्यातून आपल्या शरीरात. तो कॅल्शियमकडे ओढला जातो, त्यामुळे शरीरात गेल्यावर हाडे आणि दात हेच त्याचे घर होते.

अगदी थोड्या प्रमाणात त्याचा उपयोग आहे. दाताच्या स्फटिकात तो बसला की तोंडातल्या आम्लाला दात जास्त तोंड देतो आणि कीड कमी लागते. म्हणूनच बाजारातल्या बहुतेक टूथपेस्टमध्ये फ्लोराइड असते. पण प्रमाण वाढले की दातांचे कवच नीट घडत नाही. आधी खडूसारखे पांढरे पट्टे किंवा ठिपके दिसतात. नंतर ते पिवळे, तपकिरी, कधी काळपट होतात. फार जास्त असेल तर कवचाला खड्डे पडतात आणि तुकडे निघतात. याला दातांचा फ्लोरोसिस म्हणतात.

हे कळायला जगाला बराच काळ लागला. 1901 साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी आला. तेथे जन्मलेल्या अनेकांच्या दातांवर त्याला तपकिरी डाग दिसले. त्याने तीस वर्षे या डागांचा पाठपुरावा केला. पाण्यात काहीतरी आहे हे त्याने ओळखले, पण काय ते सापडेना. 1931 साली एका अॅल्युमिनियम कंपनीतील चर्चिल या रसायनतज्ज्ञाने पाण्याची बारीक तपासणी केली आणि फ्लोराइड सापडले. भारतात 1937 साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात, शॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दातांसोबत कणा ताठलेले शेतकरी पाहिले आणि त्याची नोंद वैद्यकीय मासिकात केली. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड, लातूर, वाशिम आणि आपला बीड या जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळले आहे. केंद्र सरकारचा फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम 2008-09 पासून चालू आहे.

आपल्याकडे सगळीकडे पाणी वाईट आहे असे कोणी समजू नये. एका हातपंपाचे पाणी चांगले आणि दोनशे पावलांवरच्या बोअरचे वाईट, असेही असते. धर्मापुरीच्या केदारेश्वराच्या मंदिराजवळची विहीर आणि माळावरच्या वस्तीची बोअर यांचे पाणी एकाच गावचे असले तरी एक नसते. तपासल्याशिवाय कोणत्याही पाण्याला दोष देता येत नाही, आणि चांगलेही म्हणता येत नाही.

बोअर खोल गेली की काय होते

बीड जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा आहे. हा खडक फ्लोराइडने फार भरलेला नसतो. मग पाण्यात फ्लोराइड येते कोठून? याचे उत्तर पाणी खडकात किती काळ राहिले यात आहे. उथळ विहिरीचे पाणी यंदाच्या किंवा गेल्या पावसाचे असते. पाचशे-सातशे फूट खोल बोअरचे पाणी पुष्कळ काळ खडकाच्या फटीत मुरलेले असते आणि तेवढ्या काळात खडकातले क्षार त्यात उतरलेले असतात.

त्यातही एक बारकावा आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराइडला धरून ठेवते आणि फ्लोराइड पाण्यात फारसे विरघळून राहू शकत नाही. खोल पाण्यातले कॅल्शियम अनेकदा खाली बसून गेलेले असते, सोड्यासारखे क्षार वाढलेले असतात, आणि अशा पाण्यात फ्लोराइड मोकळे फिरते. आता गंमत पाहा. आपल्या बाया चांगले पाणी कसे ओळखतात? डाळ लवकर शिजते का, साबणाला फेस येतो का, यावरून. कमी कॅल्शियमच्या पाण्यात डाळ लवकर शिजते आणि फेसही भरपूर येतो. म्हणजे ज्या पाण्याला सगळी वस्ती "गोड पाणी" म्हणते, नेमके त्यातच फ्लोराइड जास्त असण्याचा संभव राहतो.

निर्गमाच्या पुस्तकात मारा येथील पाण्याची कथा आपण सगळ्यांनी वाचली आहे. ते पाणी कडू होते, म्हणून लोकांनी कुरकूर केली आणि उपाय झाला. फ्लोराइडला ना चव, ना वास, ना रंग. कोणी कुरकूर करत नाही, आणि म्हणून उपायही होत नाही.

2012-13 आणि 2015-16 या दुष्काळांनी मराठवाड्यात पाण्याची पातळी कुठल्या कुठे नेली. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षांत ज्याला शक्य होते त्याने बोअर खोल नेली. विहिरी आटल्या म्हणून लोक खोल पाण्यावर आले आणि त्या पाण्यावर वाढलेली मुले आज शाळेत आहेत. माळाच्या कडेला, गावकुसाबाहेर राहणाऱ्या पारधी आणि भिल्ल कुटुंबांना तर पाण्याची निवड कधीच नव्हती. जी बोअर जवळ, तीच त्यांची.

किती म्हणजे जास्त?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरे पाणी मिळत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही दीड मिलिग्रॅम आहे.

पण हा आकडा लिटरचा आहे, माणसाचा नाही. माणूस दिवसाला किती लिटर पाणी पितो, यावर सगळे अवलंबून आहे. सावलीत बसून काम करणारा दोन लिटर पितो. एप्रिलच्या उन्हात वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात काम करणारा सहा लिटर सहज पितो. पाण्यात दीड मिलिग्रॅम असेल तर पहिल्याच्या पोटात दिवसाला तीन मिलिग्रॅम जाते आणि दुसऱ्याच्या नऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अन्न-पाणी मिळून दिवसाला सहा मिलिग्रॅमच्या वर वर्षानुवर्षे गेले तर हाडांना धोका संभवतो, आणि चौदा मिलिग्रॅमला तो स्पष्ट दिसतो. म्हणजे कागदावर "चालेल" असे लिहिलेले पाणी कोयता चालवणाऱ्यासाठी चालत नाही. आपल्या लोकांचा विचार करताना हा हिशेब विसरू नये.

त्यात काळ्या चहाची भर पडते. चहाच्या पाल्यात मुळातच फ्लोराइड असते. दूध नसल्याने दिवसातून पाच-सहा वेळा कोरा चहा, तोही त्याच बोअरच्या पाण्यात उकळलेला, हे अनेक पालांवर रोजचे आहे. लहान मुलांनाही तोच दिला जातो.

प्रौढ माणसाने घेतलेल्या फ्लोराइडपैकी साधारण निम्मे लघवीवाटे जाते, बाकीचे हाडात साठते. वाढत्या मुलांच्या हाडात त्याहून मोठा वाटा साठतो. ज्याला मूत्रपिंडाचा आजार आहे त्याच्या शरीरातून ते नीट बाहेर पडत नाही, म्हणून त्याला धोका जास्त.

हाडांवर काय होते

हाडात फ्लोराइड भरत गेले की हाड जाड दिसते, पण ठिसूळ असते. स्नायुबंधांत, म्हणजे हाडांना बांधणाऱ्या पट्ट्यांत, क्षार साठून त्या ताठ होतात. सुरुवातीला मान, कंबर, गुडघे दुखतात. सकाळी उठताना अंग आखडलेले असते. पुढे मान वळत नाही, कंबर वाकत नाही. फार वर्षांनी कणा बाकासारखा होऊन माणूस कामातून जातो.

आहारात कॅल्शियम कमी असेल तर हेच फ्लोराइड जास्त घात करते. 1973 साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नलगोंडा भागातल्या मुलांमध्ये गुडघे आत वळून एकमेकांना लागणारा आजार नोंदवला. तेथे पाण्यात फ्लोराइड जास्त होते आणि आहार गरिबीचा होता. नलगोंड्याचे लोकही आपल्यासारखेच ज्वारी खाणारे. ज्वारी वाईट नाही, तिच्या जोडीला ताटात काही नसणे वाईट. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात पंचवीस-तीस मिलिग्रॅम कॅल्शियम असते. चार भाकऱ्या खाल्ल्या तर शंभराच्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 साली प्रौढांसाठी दिवसाला एक हजार मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. भाकरी आणि मिरचीच्या ठेच्यावर दिवस काढणाऱ्याचा हिशेब कोठे राहतो, ते यावरून कळेल.

कसे ओळखावे

शाळेत किंवा वस्तीवर मुलांचे दात पाहताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. फ्लोरोसिसचे डाग वरच्या समोरच्या दातांवर आडव्या पट्ट्यांसारखे असतात आणि डाव्या-उजव्या बाजूला सारखे दिसतात. ते दाताच्या आत असतात, घासून जात नाहीत. हिरडीच्या कडेला साचलेला पिवळा थर हा किटण असतो, तो साफ करता येतो. मिश्री लावणाऱ्या आणि तंबाखू खाणाऱ्या बायाबापड्यांचे दातही काळे होतात, तो रंग वरून बसलेला असतो. कीड एखाद-दुसऱ्या दाताला लागते, जोडीने लागत नाही.

मुलाचे पहिले आठ वर्षांचे वास्तव्य कोठे होते हेही विचारावे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापाबरोबर मूल वर्षातले पाच-सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात वेगळेच पाणी पिते. आज ते ज्या गावात आहे त्याच पाण्याचा दोष असेल असे नाही.

मोठ्यांसाठी तीन साध्या हालचाली करून पाहतात. गुडघे न वाकवता खाली वाकून पायाचे अंगठे धरता येतात का? हनुवटी छातीला लागते का? दोन्ही हात मानेमागे नेऊन कोपरे मागे जातात का? एकाच वस्तीतल्या अनेक तरुणांना हे जमत नसेल तर पाण्याचा संशय घ्यावा. पण या हालचाली म्हणजे निदान नाही. कोयत्याच्या कामानेही कंबर जाते. पाठदुखीबरोबर ताप येत असेल, वजन घटत असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो, अशा माणसाला लगेच दवाखान्यात न्यावे. खरे निदान डॉक्टर करतात. त्यासाठी लघवी आणि पाण्यातील फ्लोराइडची तपासणी आणि हाताच्या पुढच्या भागाचा एक्स-रे उपयोगी पडतो.

हे ओळखणे एवढे महत्त्वाचे का? कारण चुकीच्या समजाने आपल्या मुलांना रोज अपमान सोसावा लागतो. "दात घासत नाहीस का?" असे वर्गात सगळ्यांदेखत विचारले की पारधी मुलगी तोंडावर हात ठेवून बोलू लागते, आणि पुढे बोलणेच सोडते. ज्या समाजाला आधीच अस्वच्छ म्हणून हिणवले जाते, त्याच्या माथी आणखी एक शिक्का बसतो. लग्न ठरवताना मुलीचे दात पाहिले जातात. तिकडे बाप दर महिन्याला दुखण्याची सुई घेण्यात मजुरी घालवतो आणि रात्री त्याच पाण्याचा तांब्या तोंडाला लावतो. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की अशा मुलाला घासण्यावरून बोलू नये. दोष त्याचा नाही.

काय केल्याने उपयोग होत नाही

पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. कापडाने गाळून, तुरटीचा खडा फिरवून किंवा मेडिक्लोरचे थेंब टाकूनही ते जात नाही. ही कामे जंतू आणि गाळ यांच्यासाठी आहेत आणि त्यासाठी ती चालू ठेवावीत.

फ्लोराइड काढण्याची एक पद्धत आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरच्या नीरी या संस्थेत तयार झाली. तिला नलगोंडा पद्धत म्हणतात. ठरावीक मापाने तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर पाण्यात ढवळतात, गाळ बसू देतात आणि वरचे पाणी घेतात. पण माप प्रत्येक पाण्याचे वेगळे असते. तपासणीशिवाय, अंदाजाने ती घरी करू नये. आरओ यंत्राने फ्लोराइड निघते, पण त्याबरोबर कॅल्शियमही निघते. म्हणून आरओचे पाणी पिणाऱ्याने ताटाकडे जास्त लक्ष द्यावे. काही जण कॅल्शियमसाठी चुना खाण्याचा सल्ला देतात. तो ऐकू नये. तंबाखूबरोबरच्या चुन्याने तोंड आतून भाजते, आणि पुढे काय होते ते आपण कर्करोगाच्या वॉर्डात पाहतो.

कॅल्शियमच्या गोळ्या गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना सरकारी दवाखान्यात मिळतात, त्या त्यांनी जरूर घ्याव्यात. इतरांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात. पाणी तेच ठेवून गोळ्या वाटणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. टूथपेस्टचेही तसेच. सहा वर्षांखालील मुलाला वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी आणि ती गिळू देऊ नये. जेथे पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे तेथे लहानग्यांची पेस्ट दंतवैद्याला विचारून निवडावी.

काय करावे

पहिले काम पाणी तपासणे. जल जीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला भेटून आपल्या वस्तीच्या बोअरची तपासणी मागावी. नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा असेल तर काचेची बाटली घेऊ नये, कारण फ्लोराइड काचेशी लागते. स्वच्छ प्लास्टिकची एक लिटरची बाटली घ्यावी. पंप काही मिनिटे चालू द्यावा, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळावी, काठोकाठ भरावी आणि तारीख, जागा लिहावी. पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा, अशी दोन वेळा तपासणी करावी. ग्रामपंचायतीला मिळणारे लाल, पिवळे, हिरवे कार्ड प्रामुख्याने स्वच्छतेचे असते. हिरवे कार्ड आहे म्हणून फ्लोराइड नाही असे समजू नये.

दुसरे काम, पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी वेगळे करणे. धुण्या-भांड्याला आणि जनावरांना लागणारे पाणी खूप असते, पण हाडात जाणारे पाणी थोडे असते. माणशी पाच लिटर धरले तर पाच जणांच्या घराला दिवसाला पंचवीस लिटर पुरते. एवढे पाणी जवळच्या चांगल्या विहिरीतून किंवा नळयोजनेतून आणणे अवघड असले तरी अशक्य नाही.

तिसरा मार्ग आकाशातून येतो. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसते. वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तर बारा हजार लिटर पाणी होते. वीस टक्के वाया गेले तरी साडेनऊ हजार हाती लागते, म्हणजे पिण्यापुरते वर्षाचे. एवढी टाकी परवडणार नाही, पण दोन हजार लिटरची टाकीही एका घराला ऐंशी दिवस पुरते. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, टाकी झाकलेली असावी आणि त्या पाण्याला जंतुनाशक थेंब घालावेत. लहान मुले असलेल्या घरांना ही टाकी आधी मिळावी, कारण आठ वर्षांची खिडकी एकदा बंद झाली की पुन्हा उघडत नाही.

चौथे काम ताटाचे. महागड्या टॉनिकची गरज नाही. तीळ, कारळे यांची चटणी रोज दोन चमचे. शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा पाला, मेथी, राजगिरा, आणि पावसाळ्यात माळावर फुकट उगवणारा तरोटा, यांत कॅल्शियम चांगले असते. पालकातही असते, पण त्यातले फारसे अंगी लागत नाही. आठवड्यातून काही वेळा ज्वारीऐवजी नाचणीची भाकरी करावी, नाचणीत शंभर ग्रॅमला तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पारधी वस्तीवर शेळ्या असतात. दूध सगळे विकण्याआधी मुलासाठी एक पेला बाजूला काढावा. बाजारातली सुकट, काट्यांसकट खाल्ली जाणारी लहान मासळी, हाही कॅल्शियमचा स्वस्त साठा आहे. जोडीला आवळा, लिंबू, पेरू. चिंचेविषयी राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासात असे दिसले, की ती खाल्ल्याने लघवीवाटे फ्लोराइड बाहेर जाण्याचे प्रमाण वाढते. चिंचेचे सार आपल्याकडे काही नवे नाही. मुलांचा कोरा चहा मात्र बंद करावा.

पाचवे, बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध. आई फ्लोराइडचे पाणी पीत असली तरी तिच्या दुधात ते अगदी नगण्य उतरते. देवाने बाळासाठी ठेवलेली ही गाळणी कोणत्याही यंत्रापेक्षा चांगली आहे. त्या काळात वरचे पाणी, घुटी काही देऊ नये.

आशा कोठे आहे

खरे सांगायला हवे. डागाळलेले दात पाण्याने पुन्हा पांढरे होत नाहीत. दंतवैद्य वरून लेप किंवा कॅप बसवून ते झाकू शकतात. वाकलेला कणा सरळ होत नाही. पण हाड जिवंत असते, ते सतत थोडे मोडत आणि नवे होत असते. पाणी बदलले आणि ताट सुधारले की साठलेले फ्लोराइड वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर पडते. ज्यांचा आजार फार पुढे गेलेला नाही त्यांचे दुखणे काही महिन्यांत कमी होऊ शकते. आणि आज पाळण्यात असलेल्या मुलाचे सगळेच दात अजून वाचवता येतात.

आपल्या जिल्ह्याला लागूनच जामखेड आहे. तेथे 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने काम सुरू केले आणि शाळेत न गेलेल्या बायांना गावाचे आरोग्य सांभाळायला शिकवले. पाण्याची बाटली भरून चिठ्ठी लावणे, मुलांचे दात पाहणे, तिळाची चटणी सुचवणे, यासाठी डॉक्टर लागत नाही. वस्तीवरची एक शहाणी बाई पुरते.

म्हणून या वर्षी ज्यांना खोका पाठवायचा आहे त्यांनी टूथपेस्टऐवजी एका वस्तीच्या पाण्याच्या तपासणीचा, किंवा एका अंगणवाडीच्या पत्र्याला पन्हळ आणि टाकी बसवण्याचा खर्च उचलावा, ही विनंती. आपल्या मंडळीतील शिक्षक, आशाताई, अंगणवाडीताई यांनी आपापल्या गावी मुलांचे दात एकदा नीट पाहावेत आणि जेथे जोडीने पट्टे दिसतील तेथील पाण्याचे नाव आम्हाला कळवावे. तहानलेल्याला पेलाभर पाणी देणे ही आपली सेवा आहे. त्या पेल्यात काय आहे हे पाहणे हाही त्याच सेवेचा भाग आहे.